भर दुपारचं शिंपणं

दुपारी बारानंतर आमच्या वटार गावात कुणी कुणाला हाक मारत नाही. वाड्यांमधली माणसं जेवून आडवी झालेली असतात, कुत्री केळीच्या आळ्यात पोट टेकून पडलेली असतात आणि नारळांच्या सावल्या आपापल्या बुंध्याशी गोळा होतात. गेल्या उन्हाळ्यातल्या सगळ्या दुपारी मी आत्याच्या गच्चीवर काढल्या. डोक्यावर निळी ताडपत्री, समोर तिपाईवर एक मोठं भिंग, आणि त्या भिंगात शिरणारा, डोळ्यांना न दिसणारा उजेड. शेजारचे विचारायचे, काय करतेस गो? मी म्हणायचे, अभ्यास. गच्चीवर? हो, पंख्याखाली झोप येते.

झोप गच्चीवरही यायची. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी समोर बघत राहिलं की आमची अख्खी वाडी पाण्याखाली असल्यासारखी हलायची. केळीची पानं, चाफ्याची झाडं, पलीकडचं आमचं घर आणि गच्चीवर टोपी घालून बसलेले माझे बाबा, सगळं हळूहळू लवलवायचं. बाबा याला ‘ऊन नाचतं’ म्हणतात. लहानपणी ते बघत ओटीवर पडून राहायला मला फार आवडायचं. आता त्याच नाचानं माझ्या नाकी नऊ आणले होते.

मी पीएचडी करते. विषय सांगितला की लोक मान डोलावतात आणि दुसरं काही बोलायला लागतात, म्हणून थोडक्यातच सांगते. जमिनीखालून जाणाऱ्या काचेच्या तारेतून उजेडावर माहिती पाठवतात, ती सगळ्यांच्या घरी आलेली आहे. त्यातली तार काढून टाकायची आणि उजेड नुसत्या हवेतून पाठवायचा. आमच्या गच्चीवर लेसर, वाडीपलीकडे आत्याच्या गच्चीवर भिंग. दोन्हींच्या मधे नारळांची रांग आहे, पण नशिबानं तीत एक फट आहे आणि झोत बरोबर त्या फटीतून जातो. त्याखालचा सगळा पट्टा पानवेलींचा, विड्याच्या पानांच्या. लेसर बसवायची लोखंडी चौकट मी वालीवच्या एका वर्कशॉपमधून करून आणली. तिथल्या माणसानं विचारलं, डिश लावायची का? मी हो म्हणून मोकळी झाले.

सकाळी झोत शहाण्यासारखा वागायचा. ऊन चढलं, जमीन तापली, की हवा उकळायला लागायची आणि उजेड भिंगावर पडता पडता इकडेतिकडे भरकटायचा. क्षणभर भरपूर, क्षणभर काहीच नाही. त्यात दर्यावरचा वारा सुटला की एखादी झावळी त्या फटीत डोकावायची आणि बोलणं मधेच तुटायचं.

यावरचा माझा उपाय, म्हणजे माझा कोड, असा. एका शब्दाचे बारीक तुकडे करायचे, बाकीच्या शब्दांच्या तुकड्यांत ते पत्त्यांसारखे पिसायचे आणि मग पाठवायचे. हवेनं मधेच झडप घातली तर एकच शब्द अख्खा जात नाही. पुष्कळ शब्दांचा एकेक तुकडा जातो, आणि तेवढा तुकडा सोबत पाठवलेल्या खुणांवरून भरून काढता येतो. शिवाय त्याच झोतात मी दोन रंग एकत्र सोडत होते, दोन्ही न दिसणारे. दोघांवर एकाच वेळी एकच गोष्ट पाठवून फायदा नसतो, कारण दोघं एकाच हवेतून जातात आणि एकदमच बुडतात. म्हणून दुसऱ्या रंगावर तीच गोष्ट जरा मागाहून पाठवायची. हे मी आईला समजावून सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत म्हणाली, “म्हंजे तुझ्या आत्यासारखं. एकदा सांगते, मग जरा थांबून तेच परत सांगते.” इतकं नेमकं माझ्या सेमिनारमध्येही कुणाला कळलं नव्हतं.

या पिसापिशीची किंमत वेळेत मोजावी लागते. सगळे तुकडे गोळा झाल्याशिवाय शब्द लागत नाही, त्यामुळे तो पलीकडे दीडएक सेकंद उशिरा उमटतो. आमच्या गच्चीवरून नुसती आरोळी ठोकली असती तर तीही आत्याच्या गच्चीवर तेवढ्याच वेळात पोचली असती. प्रकाशाच्या वेगाचं कौतुक करणाऱ्या पाहुण्यांना मी हे सांगत नसे.

सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, स्पष्ट सांगितलं होतं. पावसाच्या आत, भर मे महिन्यातल्या तीन दुपारी हा कोड टिकवून दाखव. नाही जमलं तर गच्चीवरचं दुकान बंद. मग संगणकावर खोटी हवा तयार करायची आणि खोट्या हवेतून खोटा उजेड पाठवत प्रबंध पुरा करायचा. असं काम चांगले चांगले लोक करतात, त्यात कमीपणा काही नाही. पण मला ती हवा नको होती. मला माझ्या वाडीवरची, पानांचा वास असलेली हवा हवी होती. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं तर तेवढी मुदत उरली नव्हती.

बाबांकडे मी लेसरची राखण दिली होती. बटण दाबायचं, कावळा चौकटीवर बसू द्यायचा नाही, बस. आयुष्यभर पानवेली वाढवलेला माणूस, रिकामं बसणं त्यांना जमत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी कावळा हाकलताना लेसरच हलवला आणि माझी सकाळ वाया गेली. त्या रात्री जेवताना मी चिडचिड करत होते, पण बाबांवर नाही, हवेवर.

“काय होतं काय हवेला?” बाबांनी विचारलं.

“हलते, बाबा. दुपारी जमीन तापते नि वरची हवा हलते. उजेड धडपणे पोचतच नाही.”

“ऊन नाचतं, तेच ना?”

“तेच.”

त्यांनी आमटीचा भुरका मारला आणि पुढे काही विचारलं नाही. मीही विसरून गेले.

त्यानंतर चार-पाच दिवसांत चमत्कारच झाला. दुपारीसुद्धा झोत सकाळसारखा येऊ लागला. एक शब्द हरवेना. मी आत्याच्या गच्चीवर एकटीच हसत बसायचे. आत्या पन्हं घेऊन वर यायची, माझ्याकडे बघायची आणि पेला ठेवून गुपचूप खाली जायची. उन्हं तशीच पांढरी होती, पण त्यातली धग गेल्यासारखी वाटायची. मधूनच ओल्या मातीचा वास यायचा आणि मला वाटायचं, हा आनंदाचाच वास असेल. खरंच वाटायचं असं. कोड चालला की माणसाला काहीही वाटतं.

आकडे सरांना पाठवले. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“मे महिन्याची दुपार इतकी शांत?” ते म्हणाले.

“कोड चालतोय सर.”

“कोड झोपलाय तुझा. दुरुस्त्यांचा रकाना बघ. चुका झाल्याच नाहीयेत, मग त्यानं दुरुस्त केलं काय? हवाच चांगली होती. हे चालणार नाही.”

फोन ठेवल्यावर मी तो रकाना पुन्हा पाहिला. सर बरोबर होते. परीक्षेला पोराला पाठवावं आणि पेपरच कोरा निघावा तसं झालं होतं. पण वटारची हवा मे महिन्यात अशी एकाएकी शहाणी का व्हावी, हे मला कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याकडे पोचल्यावर लक्षात आलं की लॅपटॉपचा चार्जर घरीच राहिलाय. वळसा नको म्हणून मी वाडीतून निघाले. केळीच्या पुढे गेले तर पंपाची घरघर ऐकू आली. आमच्या बावखलावरचा पंप, वाडीतल्या तळ्यावरचा, भर दुपारी चालू होता. आणि पानवेलींच्या मधल्या पाटात बाबा गुडघ्यापर्यंत लेंगा खोचून, फावड्यानं बांध फोडून पाणी सोडत होते.

वाडीवाल्यांच्या घरात पोराला अक्षरं यायच्या आधी हे शिकवतात की डोक्यावर ऊन असताना पानवेलीला पाणी द्यायचं नाही. सकाळी द्या, संध्याकाळी द्या. तापल्या मातीत पाणी साचलं की मूळ शिजतं आणि वेल बसते. ज्यांनी मला हे शिकवलं तेच माझ्यासमोर एकेक रांग भिजवत होते. पहिला विचार आला तो असा की बाबांना वेळेचं भान राहिलं नाही. वय झालं, विसरायला लागले, आणि मी गच्चीवर बसून हवेची काळजी करत राहिले. मी धावत पानवेलीत शिरले.

“चप्पल काढ,” बाबा मान वर न करता म्हणाले.

पानवेलीत चप्पल घालून जायचं नसतं. म्हणजे भान शाबूत होतं. मी चप्पल काढली, तापलेल्या बांधावर पाय भाजले आणि राग आला.

“बाबा, काय करताय? आता? पाणी?”

ते फावड्यावर हात ठेवून उभे राहिले. चोरी पकडल्यासारखं हसले.

“ओल्यावर ऊन नाचत नाय. म्हटलं, तुझी हवा जरा गप बसेल. बसली ना?”

ओल्या मातीचा वास, थंडावलेली दुपार, कोरे आकडे, गच्चीवरची बाबांची मधूनमधून रिकामी दिसणारी खुर्ची, सगळं एकदम जागेवर बसलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं हसत म्हणावं असं वाटलं, पण त्यांच्या मागच्या रांगेकडे लक्ष गेलं. तिथली पानं कडेनं पिवळी पडायला लागली होती. बाजारात अशी पानं कुणी हातातही घेत नाही. ती रांग हातची गेली हे त्यांनाही दिसत होतं, मला दिसायच्या आधीपासून. तरी ते रोज येत होते. मला रडू आलं आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

“मला हवा हललेलीच हवीय, बाबा,” मी शेवटी म्हटलं. “हलत्या हवेतून पोचतं का, तेच तर बघायचंय मला.”

त्यांनी टोपीनं घाम पुसला. मग म्हणाले, “मग आधी सांगायचं नाय?”

“मला काय माहीत तुम्ही असं काही कराल!”

“तू म्हणलीस हवा तरास देते.” आणि पुढे जरा खालच्या आवाजात, “मना वाटलं, तेवढं तरी आपल्या हातात हाय.”

त्यांनी फावड्यानं बांध परत लिंपला. आम्ही दोघं घरी आलो. मी माझं ताट तसंच ठेवलं आणि ओटीवर जाऊन बसले.

खरी पंचाईत पुढेच होती. इतके दिवस मुरलेलं पाणी सुकून जमीन पुन्हा तापायला हवी, तर सकाळ-संध्याकाळचं शिंपणंही थांबवायला लागणार होतं. तीनचार दिवस कोरडे, आणि मग तीन दुपारी मोजायच्या. मे महिन्यात, पानवेलीला. मी हे तोंडातून काढलंच नसतं. बाबांनीच विचारलं, आणि मी खरं ते सांगितलं.

आई भडकली. “उजेडासाठी वेली मारणार तुम्ही? खायचाय काय तो उजेड?”

“वेली मरत नाय दोन दिवसांनी,” बाबा म्हणाले.

“दोन? आठवडा होतो तिचा!”

“तू जेव,” बाबा मला म्हणाले, आणि आईनं भांडी इतक्या जोरात आपटली की आत्याकडेही ऐकू गेली असतील.

मी नको म्हटलं. खरंच म्हटलं, दोनदा म्हटलं. पण माझ्या नकारात जोर नव्हता हे मला माहीत होतं, आणि बाबांनाही. त्यांनी पंपाच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली आईच्या डब्यात टाकली, स्वतःचा भरवसा नसल्यासारखी.

ते कोरडे दिवस मला अजून स्वप्नात बघितल्यासारखे आठवतात. वाडीत आवाज नव्हता. पाटात पाणी नव्हतं, त्यामुळे बेडूक नव्हते, बगळे नव्हते. बाबा सकाळी उठून सवयीनं पानवेलीकडे जायचे, अनवाणी फिरून यायचे, हात मागे बांधून. संध्याकाळीही तेच. पानं रोज जरा जास्त खाली वाकायची. एरवी पानवेलीत शिरलं की गार, हिरवा अंधार अंगावर येतो. आता तिथे कोरडा उजेड पडला होता आणि माती चालताना कुरकुरायची. मी वेलींकडे बघणं टाळायला लागले. जाता-येता दोन्ही वेळा रस्त्यानंच वळसा घालायचे.

मग ती दुपार आली. सरांच्या सांगण्यावरून आता नुसते आकडे नाही, चालतं बोलणंही पाठवायचं होतं, म्हणजे कुणालाही ऐकून कळेल. बाबांच्या सदऱ्याला मी एक छोटा माइक लावला.

“काय बोलू?”

“काहीही. गप्पा मारा.”

“कुनाशी?”

“माझ्याशी. मी ऐकतेय. फक्त मला इकडून बोलता येणार नाही, हे एकाच बाजूनं जातं.”

“तुझ्या लहानपणी असंच होतं,” बाबा म्हणाले, “फक्त उलटं.”

मी आत्याच्या गच्चीवर जाऊन कानाला हेडफोन लावले. ऊन पांढरं झालं होतं आणि वाडी नाचत होती, अशी की माझ्या लहानपणीही ती इतकी नाचली नसेल. आमचं घर मधोमध वाकत होतं. नारळांचे बुंधे जमिनीवरून सुटून हवेत तरंगत होते. भिंगावर पडणारा उजेड फडफडत होता, पडद्यावरची रेघ बुडत होती, वर येत होती, पुन्हा बुडत होती. दुरुस्त्यांचा रकाना भरभर वाढायला लागला. शेकड्यांनी, हजारांनी. मी श्वास धरून हरवलेल्या शब्दांच्या रकान्याकडे बघत होते. तिथे शून्य होतं. वारा आला, झावळी फटीत डोकावली, रेघ पार तळाला गेली, आणि शून्य तसंच राहिलं.

“हॅलो,” बाबांचा आवाज आला. स्वच्छ, कानाशी बसल्यासारखा. “हॅलो. आज हवा बरी हाय. म्हंजे वाईट हाय. तुना पायजे तशी हाय.”

मी मोठ्यानं हसले. झोत नेमायला आणलेल्या दुर्बिणीतून पलीकडे बघितलं. बाबांची आकृती पाण्यातल्यासारखी हलत होती. त्यांचा हात वर जायचा, खाली यायचा, आणि तो खाली आल्यावर त्या हातासोबतचा शब्द माझ्या कानात पडायचा. ते थोडा वेळ भावाबद्दल बोलले, म्हणजे पानांच्या भावाबद्दल. मग आत्याच्या गुडघ्याबद्दल. मग विषय संपले आणि ते गप्प झाले. कानात नुसता वारा येत राहिला. रकाना वाढतच होता, शून्य शून्यच होतं. मला इतकं हलकं वाटत होतं की ताडपत्रीखाली बसल्या बसल्या माझे डोळे मिटायला लागले. जमलं होतं. खरी हवा, खरा उजेड. अजून अशा दोन दुपारी, की माझा प्रबंध माझाच राहणार होता.

दुर्बिणीतून पाहिलं तर बाबा खुर्चीवरून उठले होते. कठड्याशी जाऊन ओणवे झाले होते, खाली बघत. माइक त्यांच्या सदऱ्यालाच लावलेला होता आणि तो ते विसरले असावेत. त्यांचे ओठ हलले. मी वाट बघत राहिले. शब्द अजून वाटेत होते, तुकडे होऊन, पिसले जाऊन, पानवेलींच्या वरून येत होते. मग ते लागले आणि कानात उमटले, एकही अक्षर न गमावता.

“जरा दम धरा गो बायांनो,” बाबा खालच्या वेलींना सांगत होते. “पोरीचं होऊ दे. मग पितो आपन पानी.”

मी हेडफोन काढले. पुन्हा लावले. ते तेच परत म्हणाले, थोडं हळू, आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तसं. पडद्यावर सगळं ठीक होतं. मला वाटलं, यातलं एखादं अक्षर तरी हवेनं खायला हवं होतं.

मी यंत्र बंद केलं आणि आईला फोन लावला.

“बाबांना किल्ली दे,” मी म्हटलं. “ऊन उतरलं की पाणी सोडायला सांग.”

“झालं तुझं?”

“झालं.”

आज माझ्या प्रबंधात खरी दुपार एकच आहे. बाकी सगळी हवा संगणकावरची. त्या एका दुपारचे आकडे सरांनी दोनदा तपासले, चांगले आहेत म्हणाले, आणि मग चष्मा काढून माझ्याकडे बघत विचारलं, “उरलेल्या दोन दुपारी कुठायत? हवा तर होती, पाऊसही लांब होता. थांबलीस कशाला?”

मी म्हटलं, “वेलींना पाणी द्यायचं होतं, सर.”